गंगारामच्या मुलींची झोप

मालवणहून तोंडवलीला परतताना भर दुपारी दिव्याला स्कूटरवरच डुलकी लागली आणि ती बांधावर जाऊन आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर रागावले तसा तिचा बाप गंगाराम पुढे झाला.

"तिची चूक नाय. तिच्यात माझा रगत आसा. माका तरी खंय झोप लागता?"

मासेमारी सोडल्यापासून गंगाराम घरातल्या खोल्या पर्यटकांना देत असे. तरुणपणापासून निम्मी रात्र तो ओसरीवर काढायचा. तेवीस वर्षांची दिव्याही तशीच. कुणी विचारलं तर ती "बाबांवर गेलंय" म्हणून मोकळी व्हायची. यावर काही करता येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिची जुळी बहीण नम्रता मात्र मावशीच्या गावी वालावलला वाढली. जन्मानंतर आई आजारी पडली, म्हणून रुक्मिणी मावशीने एक बाळ नेलं, ते तिथलंच झालं. दोघी इतक्या सारख्या की मोडलेल्या हाडासाठी दिव्याच्या गळ्यात पट्टा नसता तर शेजारणी फसल्या असत्या.

दिव्याला बघायला आलेली नम्रता म्हणाली, "पुण्याचे लोक जुळ्यांच्या झोपेचो अभ्यास करतत. झोप मोजूचो पट्टो हातात बांधूचो, बस. मी नाव दिलंय. तूय दी."

दिव्यानेही नाव दिलं आणि पट्टा बांधला. काही आठवड्यांनी अभ्यास करणाऱ्या डॉक्टर शर्मिला तोंडवलीला आल्या. दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "तुमची दोघींची झोप सारखीच हलकी आहे. जरा खुट्ट झालं की जाग येते. हे बहुधा जन्मतःच आलंय. पण नम्रता पुन्हा झोपते, दिव्या झोपत नाही. जाग आल्यावर तू काय करतेस?"

दिव्या म्हणाली, "फोन बघतंय. पाहुणे केव्हाय मेसेज करतत. उत्तर नाय दिला तर दुसरीकडे जातत."

"आणि नंतर?"

"नंतर बघीतच ऱ्हवतंय."

नम्रता हसली. "आमच्याकडे मावशी फोन उशाक ठेवूकच देणा नाय."

"एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही," शर्मिला म्हणाल्या. "आम्ही शेकडो जोड्या बघतोय. पण तुमचं रक्त एकच असून एकीला पुन्हा झोप लागते, एकीला नाही. म्हणजे सगळा दोष रक्ताचा नाही."

ओसरीच्या टोकाला बसलेला गंगाराम उठला. बापाला वाईट वाटलं असं दिव्याला वाटलं. त्याने तिच्यासमोर हात पसरला.

"फोन माका दी. रात्री मीच बघतलंय. नायतरी जागोच आसतंय."

"बाबा, तुमका टाइप करूक खंय येता?"

"मगे शिकव."

तो एका बोटाने शिकला. पुण्यामुंबईच्या लोकांना "होय. खोली आसा. येवा." अशी उत्तरं जाऊ लागली आणि ती त्यांना आवडली. पाहुण्यांच्या गडबडीपासून लांब म्हणून दिव्या मागच्या खोलीत झोपू लागली. सुरुवातीला तिचा हात उशाशी चाचपडायचा. हळूहळू तो थांबला. जाग अजूनही येते, पण पुन्हा डोळा लागतो. दुपारी ती पेंगत नाही.

महिन्याभराने जेवणं झाल्यावर तिने बापाच्या हातून फोन घेतला, बंद केला आणि कपाटात ठेवला.

"जे येवचे ते सकाळी इचारतीत. तुमीय झोपा."

"माका झोप येवची नाय गो."

"नाय इली तर नाय इली. पडा तरी."

त्याने वाद घातला नाही. त्या रात्री तो ओसरीवर बसला नाही, आत जाऊन पडला.