जाणारी फेरी, येणारी फेरी

नदीत कयाक, म्हणजे लांबट चिंचोळी होडी, घालायची, चार दिवस वल्हवायचं आणि रात्री काठावर तंबू ठोकायचा, एवढीच गोष्ट होती. माणसं याहून मोठ्या गोष्टी एका दुपारी ठरवतात. लग्नं ठरवतात, घरं विकतात, सख्ख्या भावाचं तोंड न पाहण्याच्या शपथा घेतात. तक्तेसाहेबांनी मात्र ही गोष्ट तीन वर्षं ठरवली, आणि तीन वर्षांनंतरही त्यांच्या मते जरा घाईच झाली.

तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते बस डेपोत वेळापत्रकांचे तक्ते करत, म्हणून हे नाव. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं थांबेल, ड्रायव्हर चहा कधी पिईल, हे सगळं बावीस वर्षं त्यांच्या टेबलावर ठरत आलं होतं. गाड्या त्याप्रमाणे धावत नसत, हा भाग वेगळा. त्याचा दोष साहेब रस्त्याला देत.

दुसरा गडी म्हणजे मास्तर. साहेबांचे शाळेपासूनचे मित्र, आता निवृत्त. त्यांनी आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला आणि एकालाही नापास केलं नाही. लोक म्हणत, माणूस दयाळू. खरं सांगायचं तर समोरच्याचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नसे. त्यापायी त्यांनी समुद्र वाळवंटात नेऊन ठेवणारी पोरंसुद्धा पास केली होती. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत, आणि दर गुरुवारी संध्याकाळी सहाला साहेबांकडे येत.

कयाकची कल्पना अशाच एका गुरुवारी निघाली. कुणाच्या डोक्यातून निघाली, यावर दोघांचं आजही एकमत नाही. पण पुढच्या गुरुवारी साहेबांनी पहिला तक्ता तयार ठेवला होता. डेपोतल्या रीतीप्रमाणे पानाच्या तळाशी दोन चौकटी होत्या, एक ‘तयार करणार’ आणि दुसरी ‘तपासणार’. दोन्ही सह्या झाल्याशिवाय डेपोतून साधी सायकलसुद्धा बाहेर पडत नाही, असं साहेब अभिमानाने सांगत. तयार करणार अर्थातच ते स्वतः. मास्तरांनी चष्मा लावला, पान नीट वाचलं, आणि म्हणाले, “छान झालंय.” मग त्यांनी सही केली, शिवाय सवयीने एक बरोबरची खूणही केली.

तिथून नमनाला घडाभर तेल जायला लागलं. दुसऱ्या आवृत्तीत तंबूचा रंग ठरला. चौथ्या आवृत्तीत तो बदलला. पाचवीत टूथब्रश दोन न्यायचे की तीन, यावर पाऊण पान खर्ची पडलं, कारण तिसरा राखीव होता आणि राखीव ब्रश नेमका कुणाचा, हा प्रश्न साहेबांना मोकळा सोडवेना. सातव्या आवृत्तीत पावसाची तरतूद आली, आठवीत उन्हाची, नववीत दोन्ही एकदम आले तर काय याची. प्रत्येक वळणाची वेळ लिहिलेली होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी धक्का सोडायचा, नऊ चाळीसला पहिलं वळण, दहा पाचला लघुशंका. मास्तरांनी यावर फक्त एकदा विचारलं, की दहा पाचला झाली नाही तर? साहेबांनी विचार करून पाच मिनिटं वाढवली.

एका गुरुवारी तर सराव झाला. हॉलमध्ये दोन स्टुलं एकामागे एक मांडून दोघं बसले, हातात केरसुण्या, मास्तर पुढे आणि साहेब मागे. “डावं, उजवं, डावं,” असं चाललं होतं. तेवढ्यात साहेबांच्या बायकोने दार उघडलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, दिवसभर उभी असायची, त्यामुळे घरी आल्यावर तिला कशाचंच फार आश्चर्य वाटत नसे.

“कुठपर्यंत आलात?” तिने पर्स ठेवत विचारलं.

“दुसरा मुक्काम गाठतोय, वहिनी,” मास्तर म्हणाले.

“बरं. तिसऱ्याच्या आधी उतरून दूध घेऊन या. आणि अहो, ती केरसुणी उलटी धरलीय तुम्ही.”

असं सगळं सुखाने चाललं होतं. आणखी दहा वर्षंही चाललं असतं. पण मास्तरांच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता, सुस्वभावी होता, आणि वडील एकटे राहतात याची त्याला टोचणी होती. त्याने परस्पर सगळं ठरवून टाकलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ट्रक येणार, सामान भरणार आणि मास्तर कायमचे मुलाकडे जाणार. मास्तरांनी ही बातमी साहेबांना एका गुरुवारी दिली, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, हवापाण्याची सांगावी तशी. “चांगलंच आहे,” ते म्हणाले.

साहेबांना ते मुळीच चांगलं वाटलं नाही. त्यांना दुसरा मित्र नव्हता. डेपोत ओळखी होत्या, जिन्यात नमस्कार होते, पण ज्याच्यासमोर स्टुलावर बसून केरसुणी वल्हवता येईल असा माणूस एकच होता. तो गेला की गुरुवार गेला. आणि जाण्याआधी एकदा, निदान एकदा, त्याच्याबरोबर त्या नदीत उतरायचंच, असं साहेबांनी मनाशी पक्कं केलं. आता नाही तर कधीच नाही. त्यांनी घाईघाईने चौदावी आवृत्ती काढली. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत, मंगळवार राखीव आणि बुधवारी ट्रक. एकूण सेहेचाळीस पानं झाली. मास्तरांनी प्रत्येक पानावर सही केली आणि प्रत्येक पानावर बरोबरची खूण केली.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा साहेबांनी डेपोतून कयाक भाड्याने देणाऱ्या बाईंना फोन लावला. तीन वर्षांत हा पहिलाच फोन. कारण आवृत्ती अंतिम झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, हीसुद्धा डेपोची रीत.

“दोन जणांची एक कयाक, चार दिवस,” साहेबांनी सांगितलं.

“चालेल काका. आणायला गाडी कुठे लागेल?”

“गाडी नको. दोन दिवस जाणारी फेरी, दोन दिवस येणारी. तुमच्याच धक्क्यावर सोमवारी सव्वापाचला कयाक जमा करतो.”

“येणार कशाने?”

“कयाकनेच.”

“उलटं वल्हवत? दोन दिवस?”

“वेळ तेवढाच धरलाय,” साहेब पानावर बोट ठेवून म्हणाले. “शिवाय शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं जादा आहेत.”

“काका,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “नदी एकाच बाजूला वाहते.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं त्यांच्या हाताला एकच वळण होतं. डावीकडे जाणारी फेरी लिहायची, उजवीकडे येणारी, दोन्हींना वेळ सारखा. रस्ता त्याला कधी हरकत घेत नसे. त्याच हाताने त्यांनी नदीही लिहून काढली होती. पहिल्या आवृत्तीपासून चौदाव्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक तक्त्यात ती दोन दिवस खाली आणि दोन दिवस वर वाहत होती.

बाई भल्या होत्या, हसल्या नाहीत. चार दिवसांच्या सफरीला खालच्या अंगाला गाडी आणि माणूस लागतो, आणि दोन्ही पुढचे दोन महिने अडकलेले आहेत, असं त्यांनी सांगितलं. शुक्रवारी सकाळी दोन तासांची फेरी मात्र देता येईल. धक्क्यावरून सोडायचं, खालच्या पुलाशी उतरवून घ्यायचं. तीन वर्षांचे दोन तास झाले. साहेबांनी ‘हो’ म्हणून फोन ठेवला, आणि टेबलावरचा पंखा बंद करून नुसतेच बसून राहिले.

आधी त्यांना लाज वाटली. मग त्यांना ती दुसरी चौकट आठवली. तपासणार. आणि तपासणारा कोण, तर ज्याने पस्तीस वर्षं फळ्यावर नद्या काढल्या तो. साहेब उठले, तक्ता काखोटीला मारला आणि तडक मास्तरांच्या घरी गेले.

मास्तरांच्या घरात खोकी लागली होती. एका खोक्यावर ‘पुस्तकं’ लिहिलेलं होतं, एकावर ‘भांडी’, आणि एकावर काहीच नव्हतं. मास्तर जमिनीवर बसून जुने नकाशे गुंडाळत होते.

“तू हे वाचलंच नाहीस,” साहेबांनी बसायच्या आधीच तोफ डागली. “तीन वर्षं डोळे मिटून सह्या ठोकल्यास. तुझ्या जागी डेपोतला शिपाई बसवला असता तरी त्याने एवढं पाहिलं असतं.”

मास्तरांनी तक्त्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या तोंडाकडे. “येणारी फेरी ना,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी दिसली होती.”

साहेब उभेच राहिले. “मग मूग गिळून का बसलास?”

“तू इतकं मनापासून केलं होतंस. म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. पुढच्या गुरुवारी तू तंबूचा रंग आणलास.” मास्तरांनी नकाशाला दोरा गुंडाळला. “आणि सांगितलं असतं तर तू आठवड्यात दुरुस्त केलं असतंस. मग आपण गेलो असतो, आलो असतो, आणि संपलं असतं. मग गुरुवारी मी काय केलं असतं?”

साहेबांना राग आला होता आणि तो राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. आपल्याला तीन वर्षं बनवलं गेलं, हे एका बाजूने खरं होतं. दुसऱ्या बाजूने, कुणीतरी तीन वर्षं फक्त आपल्याबरोबर बसता यावं म्हणून राखीव टूथब्रशवर चर्चा केली होती. असं त्यांच्यासाठी आयुष्यात कुणी काही केलं नव्हतं, बायकोनेही नाही; तिने टूथब्रशच्या वेळी सरळ टीव्ही लावला होता.

“शुक्रवारी नऊला,” ते शेवटी म्हणाले. “दोन तास. येत असशील तर ये, नाहीतर मी एकटा बसतो आणि गोल गोल फिरतो.”

मास्तर आले. नऊला दहा कमी असतानाच आले, आणि त्यांनी टोपी, गॉगल, स्वेटर सगळं एकदम घातलं होतं. बाईंनी दोघांना लाइफ जॅकेट चढवलं, मास्तरांना पुढे बसवलं, साहेबांना मागे, आणि साहेबांचा फोन पारदर्शक पिशवीत घालून त्यांच्या गळ्यात अडकवला. “समोरच्या वळणापर्यंत रेंज आहे,” त्या म्हणाल्या. “पुढे पुलापर्यंत काही नाही, मग शांतता.” आणि त्यांनी कयाक पाण्यात लोटली.

पहिली दहा मिनिटं ते खरोखरच गोल गोल फिरले. हॉलमधल्या स्टुलांवर हे झालं नव्हतं. साहेब डावं म्हणत तेव्हा मास्तर उजवं मारत, आणि काठावरच्या दोन बाया कपडे धुणं थांबवून बघत बसल्या. मग दोघांनी वल्ही आडवी ठेवली, तेव्हा कुठे पाण्याने आपल्या मनाने कयाक सरळ केली आणि ते तिला खाली नेऊ लागलं. कुणालाच काही करावं लागत नव्हतं. साहेबांना आधी ते अपमानकारक वाटलं, मग बरं वाटलं, मग इतकं बरं वाटलं की आपण तीन वर्षं मूर्खासारखी घालवली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“मला मुलाकडे राहायला जायचं नाहीये,” मास्तर मागे न वळता म्हणाले.

साहेबांनी वल्हं मांडीवर घट्ट धरलं. “त्याला सांगितलंस?”

“कसं सांगू? त्याने खोली रंगवून घेतलीय. पडदे मला विचारून लावलेत. मी म्हटलं, छान झालंय.” मास्तरांचा आवाज फुटला. “तो विचारतो, बाबा, खूश आहात ना? मी हो म्हणतो. दर वेळी म्हणतो.”

साहेबांना आनंद झाला, आणि मित्र रडत असताना आपल्याला आनंद होतोय याची शरमही वाटली. गप्प बसावं, असं क्षणभर मनात आलं. बापलेकांच्या मध्ये पडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

“ऐक,” ते म्हणाले. “तू राहिलास तर मला हवंच आहे. म्हणजे मी सांगतोय त्यात माझा स्वार्थ आहे, तो धरून चाल. पण हे पोराला आज कळलं तर त्याला वाईट वाटेल, आणि वर्षभराने कळलं तर तो स्वतःला माफ करणार नाही.” त्यांनी गळ्यातली पिशवी काढून पुढे केली. “लाव फोन.”

“इथे?”

“घरी गेल्यावर तू लावणार नाहीस.”

मास्तरांनी पिशवी हातात घेतली. नंबर त्यांना पाठ होता, तरी पिशवीवरून बोट दोनदा चुकलं. वळण समोर आलं होतं, पाण्याला ओढ लागली होती, आणि आणखी अर्ध्या मिनिटात रेंज जाणार होती. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. काठावरच्या एका झाडाची मुळं पाण्यावर लोंबत होती. ते कमरेतून वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी एक मूळ पकडलं. कयाक गर्रकन फिरली, एक वल्हं निसटून पाण्यात पडलं आणि वाहून गेलं, साहेबांच्या मांडीवर गार पाणी आलं, आणि त्यांचे खांदे उखडून येतात की काय असं झालं. पण कयाक थांबली.

फोन उचलला गेला. “मी बोलतोय रे,” मास्तर म्हणाले. “बोला बाबा,” मुलाचा आवाज आला. “ट्रकवाल्याचं काही विचारायचं होतं का?”

मास्तरांनी मान वळवून मागे पाहिलं.

“बोल,” साहेब दात खाऊन म्हणाले. “मी धरून ठेवलंय.”