सात सेकंदांची नोंद

मी एक जुने स्टॉपवॉच आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर भित्रे आहे. काचेला तडा गेलाय, पाठीवर ओरखडे आहेत, पण काटा अजून चोख चालतो. त्या चोखपणाचीच मला धास्ती वाटते.

दुकानातून मी थेट एका कॉलेजात आले. तिथे औद्योगिक अभियांत्रिकी शिकवतात. तिथली मुले यंत्रे बनवत नसत. काम कसे चालते ते बघत. माल कुठे अडकतो, माणूस उगाच किती चालतो, कुणाची पाठ का दुखते, हे शोधत. माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. मीही जरा शेफारले होते.

मग शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने मला तिच्या प्रोजेक्टसाठी पत्र्याची झाकणे बनवणाऱ्या कारखान्यात नेले. मुलगी हुशार, पण आकड्यांत डोके खुपसणारी. तिथल्या प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून झाकण पाडणाऱ्या यंत्रावर, एक बाई काम करत; सगळे त्यांना मावशी म्हणत. प्रेसला दोन बटणे होती. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येई, म्हणजे हात आपोआप बाहेर राहत. मुलीने दहा झाकणांचा वेळ मोजला. नऊ वेळा अकरा सेकंद भरले, दहाव्या वेळी सात. त्या वेळी मावशींनी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले होते, म्हणजे एक हात मोकळा राहत होता. ते मला दिसले. मुलीला नाही, कारण तिचे डोळे माझ्या काट्यावर होते.

"सात जमतात ना? मग सातच लिहा," सुपरवायझर म्हणाला. तिने लिहिले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फळ्यावर तेच लागले: एका झाकणाला सात सेकंद. मी तिच्या मुठीत होते आणि माझा नुसता थरकाप उडाला होता. मावशींचा हात आत जायचा, बाहेर यायचा, की लगेच ठोकळा खाली. मला ओरडता येत नाही. मी मोजत राहिले.

दुपारी धप्प झाले आणि मावशी किंचाळल्या. मुलीने धावत जाऊन प्रेस बंद केला. हातमोज्याचे एक बोट चपटे झाले होते. मावशींनी मोजा ओढून काढला. मोजा मापाला मोठा होता, म्हणून आतले बोट वाचले.

"पट्टी कशाला लावलीत, मावशी?" मुलीला ती आता दिसली होती.

"तू घड्याळ घेऊन समोर उभी राहिलीस, बाळा. मग मी हळू कशी दिसू? आणि आज तर फळ्यावरच लागलं."

 मुलीने जाऊन फळ्यावरचा सात पुसला.

"चूक माझी आहे," ती सुपरवायझरला म्हणाली. "अकरा लागतात, वर दम खायला वेळ द्या. नाहीतर मी या नोंदीवर सही करणार नाही."

"तुझ्या प्रोजेक्टचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली. कॉलेजच्या चार वर्षांत ती काय शिकली, ते मला तेव्हा दिसले.

मित्रांनो, मला पुसत जा, जपून ठेवा, असे काही मी मागत नाही. माझ्याकडे बघताना समोरच्या माणसाकडे बघायचे राहून जाते. तेवढे राहू देऊ नका. मला फार भीती वाटते.