पुसलेली रेघ

आंटी सेरवांनी आपणच हाताने डावा स्तन उचलून धरला आणि डॉक्टर पोकुआंना खालची घडी दाखवली. उभ्या व्रणाच्या तळाशी कातडीच्या चुण्या तशाच होत्या, घाम साचून लाल झालेल्या. छातीचा भार कमी करायच्या ऑपरेशनला आठ महिने होऊन गेले होते.

"बसतील म्हणाला होतात ना, डॉक्टरबाई?" आणि लगेच स्वतःच, "माझंच चुकलं असणार. तुमचा तो घट्ट पट्टा मी दुकानात काढून ठेवायचे. कुमासीचा उकाडा, तीन शिलाई मशिनी, त्यात पाच तोंडाळ पोरी शिकायला!"

पोकुआंनी फाइल पुढे ओढली आणि लिहिलं : पट्टा नियमित वापरला नाही. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

एवढ्या भाराला नुसता उभा छेद पुरत नाही. घडीतून आडवाही घ्यावा लागतो, तेव्हा कुठे जादा कातडी निघते. हे त्यांना ऑपरेशनच्या दिवशीही ठाऊक होतं. सेरवांच्या अंगावर पेनने आडवी रेघ त्यांनीच ओढली होती, आणि त्यांनीच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती. पुढच्या आठवड्यात अक्राला परिषद होती. एकाच व्रणात केलेलं काम तिथे दाखवायचं होतं. टाळ्या चांगल्या पडल्या. फोटोत चुण्या चिकटपट्टीखाली होत्या.

सेरवा तपासणीच्या टेबलावरून उतरून झग्याची बटणं लावू लागल्या.

"आमच्या पोरी करतात असं," त्या बटणांकडेच बघत म्हणाल्या. "कापड जास्त, शिवण आखूड. मग चुण्या कोंबायच्या नि वरून इस्त्री फिरवायची. मी कान उपटते एकेकीचा. पण कातडी म्हणजे काही कापड नव्हे. मला मेलीला काय कळतंय!"

पोकुआंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान वर न करता त्यांनी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी.

"आंटी, पट्ट्याचा काही दोष नाही. आडवा छेद घ्यायला हवा होता. मी रेघ काढली होती. मीच पुसली."

"का गं?"

"फोटोत छान दिसावं म्हणून."

सेरवांची बोटं शेवटच्या बटणावर थबकली. मग त्यांनी ते बटण सोडलं, त्याच्या वरचं सोडलं, आणि पुन्हा टेबलावर चढून बसल्या.

"घे तो पेन," त्या म्हणाल्या. "कुठून पुसलीस, दाखव."