विसाव्या मिनिटाचा उंचवटा

स्तामातिसने तिसऱ्यांदा यादी मागवली आणि प्रयोगशाळेच्या सगळ्या केबल जोडणाऱ्या स्विचने तिसऱ्यांदाही ऑक्टोबरचीच यादी दाखवली. त्याच केबलमधून प्रत्येक संशोधकाची वेगळी वाट, अशी एकतीस व्हर्च्युअल नेटवर्क असायला हवी होती. पडद्यावर बारा होती.

दुपारी उकाड्याने अर्ध्या गावाची वीज गेली होती. प्रयोगशाळेची बॅटरी चार मिनिटं टिकली, मग मोठा स्विच बंद पडला आणि वीज आल्यावर पुन्हा सुरू झाला. सुरू होताना तो फक्त सेव्ह केलेलं वाचतो. एव्हान्थिया, स्तामातिसची बायको, केलेला बदल लगेच सेव्ह करत नसे. आठ दिवस नीट चालू दे, मग कायमचं करू, असं म्हणायची. नोव्हेंबरपासूनचं तिने काहीच सेव्ह केलं नव्हतं. मार्चमध्ये ती गेली. तिने लावलेलं सगळं त्यानंतर तीन महिने तसंच चालत राहिलं, कारण मध्ये कुणी स्विच बंद केला नाही.

"कुठेतरी लिहून ठेवलं असेल ना काकूंनी?" संशोधक विद्यार्थिनी फोतिनीने विचारलं.

"डोक्यात."

फोतिनीचा प्रबंध दहा दिवसांत द्यायचा होता. दोन इमारतींतली चाळीस छोटी यंत्रं एकमेकांना निरोप पाठवायची आणि पोचायला किती वेळ लागतो ते ती मोजायची. सात महिने मोजत होती.

स्तामातिस केबलचा माणूस. सव्वीस वर्षं त्याने केबल ओढल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. कमांड देणं एव्हान्थियाचं काम. स्वयंपाकघरात रोज बसून भाजी चिरून देणाऱ्याला जेवढा स्वयंपाक येतो, तेवढ्या त्याला कमांड येत होत्या. प्रत्येक संशोधकाने काय मागितलं होतं त्या ईमेल त्याने छापून घेतल्या आणि एकेक नेटवर्क पुन्हा बांधायला बसला. चार दिवस लागले. फोतिनी थंड कॉफी आणि वर साखर भुरभुरलेली बुगात्सा पेस्ट्री घेऊन यायची.

"काका, मिशीला साखर लागलीय. कीबोर्डवर पडेल."

"प्रबंध द्यायचाय आणि पोरगी माझी मिशी बघतेय."

"प्रबंध झालाय. चौथ्या प्रकरणात तर मार्गदर्शक सरांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. आणि सर म्हणजे रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेच्या पुस्तकातही चुका काढणारा माणूस."

चौथं प्रकरण एका उंचवट्यावर होतं. दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट तिचे निरोप उशिरा पोचत. आलेखावर तिथे टेंगूळ यायचं. यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळवून घेताना हे होतं, असं तिने तीस पानांत मांडलं होतं. असं याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने शेवटची चाचणी लावली. सहा तासांनी आलेख आला. सपाट.

"उंचवटा कुठे गेला?"

"गेला तर बरंच ना?"

"काका, त्या उंचवट्यावरच मला पदवी मिळणार आहे! तुम्ही काहीतरी चुकवलंत."

"चुकवलं असेल. बघतो."

त्याने केबल खोचायचा प्रत्येक पोर्ट ईमेलशी ताडून पाहिला. केबल बोटाने धरून भिंतीपर्यंत गेला. चूक सापडेना. मग त्याला वेगळंच कोडं पडलं. आपल्या हातून चूक झाली असती तर निरोप अडकले असते. इथे ते आधीपेक्षा नीट जात होते. असं कसं?

दुसऱ्या इमारतीच्या तळघरातला छोटा स्विच जनरेटरवर होता. तो बंद पडलाच नव्हता. एव्हान्थियाने ठेवलं तसं तिथे सगळं असणार, हे जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं.

त्याने लॅपटॉप जोडला. पोर्ट चौदा. तिथे व्हिडिओवाल्या गटाचं मोठं यंत्र होतं. त्याचं नेटवर्क दोनशे वीस असायला हवं होतं. लिहिलं होतं दोनशे दहा, म्हणजे फोतिनीचं. व्हिडिओवाले दर वीस मिनिटांनी एक मोठी फाइल पाठवायचे. सात महिने ती फाइल फोतिनीच्या निरोपांच्या वाटेने जात होती. मोठ्या स्विचवर स्तामातिसने ईमेलप्रमाणे मांडणी केली, तेव्हा फाइल घेणारं टोक दोनशे वीसमध्ये गेलं आणि ती वाट आपोआप बंद झाली.

त्याने बदलांची नोंद उघडली. चौदा नोव्हेंबर, दुपारी एक चाळीस. नाव एव्हान्थियाचं.

तो पायरीवर बसला. घरी कपाटात हॉस्पिटलचा पहिला रिपोर्ट होता. त्यावर हीच तारीख होती, सकाळी अकराची वेळ. त्या दिवशी तिचा फोन आला होता. दातांच्या डॉक्टरकडे आहे, कामावर उशिरा पोचेन. खरं काय ते तिने नाताळात सांगितलं.

म्हणजे तो रिपोर्ट हातात पडल्यावरही ती घरी गेली नव्हती. इथे आली होती. फोतिनीला त्या दिवशी नेटवर्क द्यायचं कबूल केलं होतं म्हणून.

मोठ्या स्विचवर ती वाट पुन्हा उघडली, तर उंचवटा परत आला असता. फोतिनीला पदवी मिळाली असती आणि एव्हान्थियाचं नाव कुणी घेतलं नसतं. त्याने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. मग फोतिनीला फोन करून खाली बोलावलं.

त्याने तिला पोर्ट चौदा दाखवला. मोठ्या स्विचपाशी जाऊन वाट उघडली. विसाव्या मिनिटाला आलेखावर टेंगूळ आलं. वाट बंद केली. आलं नाही.

"परत दाखवा."

त्याने परत दाखवलं. चाळीस मिनिटं दोघं खुर्च्यांवर बसून राहिली.

"घड्याळं नाहीतच मग," ती म्हणाली. "व्हिडिओ. कुणाचातरी फालतू व्हिडिओ." ती हसली आणि लगेच थांबली. "पण काकूंकडून अशी चूक? एकदा एक चिठ्ठी तिरकी चिकटवली म्हणून मला केवढं झापलं होतं."

"झाली तिच्याकडून."

तिने लॅपटॉपवरच्या नोंदीतली तारीख वाचली. "चौदा नोव्हेंबर. काय होतं त्या दिवशी?"

"दातांच्या डॉक्टरकडे गेली होती."

"एवढा दुखत होता दात?"

"हो," स्तामातिस म्हणाला. "खूप."

मग त्याने तळघरात परत जाऊन पोर्ट चौदावर दोनशे वीस लिहिलं.

सात महिन्यांची मोजमापं पुन्हा घ्यायची होती. चौथं प्रकरण काढून टाकायचं होतं. आणि सरांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.