स्टिअरिंगला टांगलेला खजूर

मुतलक काकांच्या नव्या गाडीला वाटतं, स्टिअरिंगवर कायम हात आहे. प्रत्यक्षात तिथे दोन किलो खजुराची पिशवी टांगलेली असते. समोरचा कॅमेरा डोळ्यांवर पाळत ठेवतो, म्हणून काका काळा चष्मा लावतात. मग गाडी आपली आपण चालते आणि काकांचे दोन्ही हात कॉफी ओतायला मोकळे.

त्या दिवशी आम्ही रियाधहून बुरैदाला निघालो होतो, माझ्याच निकाहसाठी. होणारे सासरे अबू नायफ मागच्या खेपेला आमची वाट बघत दोन तास ताटकळले होते. या वेळी त्यांनी एवढंच सांगितलं, "दुपारच्या, अस्रच्या अजानआधी दारात. नाहीतर येऊच नका."

गाडी मी चालवतो म्हटलं, तर काका खवळले. "नवरदेव ड्रायव्हर? लोक शेण घालतील तोंडात!"

मी मागे. पुढे काकांशेजारी निकाह लावणारे शेख फलाह. आमच्यात पाहुण्याने रिकामा पेला हलवला, की 'आता पुरे' असं समजायचं. तोवर यजमानाने ओतत राहायचं. शेख हलवीनात. शिवाय दर पेल्याला दोन खजूर, त्याच पिशवीतले. शंभर किलोमीटरवर पिशवी इतकी हलकी झाली, की गाडीला वाटलं काकांनी हात काढला.

टिंग.

"काका, स्टिअरिंग धरा!"

"पाहुण्याचा पेला रिकामा आहे, दिसत नाही?"

टिंग टिंग टिंग. गाडी स्वतःच कडेला गेली, दिवे लुकलुकवत थांबली. पडद्यावर आलं: या प्रवासात आता मदत मिळणार नाही.

"भिकारडी! पाहुण्याचे खजूर मोजते!" काका म्हणाले.

मग ते हातांनी चालवू लागले आणि दर पेल्याला गाडी कडेला घेऊ लागले. "चालत्या गाडीत ओतणं धोक्याचं असतं," त्यांनी समजावलं. मला!

उंटांनी भरलेला एक ट्रक आम्हाला तिसऱ्यांदा मागे टाकून गेला. उंट माझ्याकडे बघत होते.

"शेख, पेला हलवा ना," मी हात जोडले.

"का रे बाळा? कॉफी झकास आहे."

पुढच्या थांब्याला मी थर्मास उचलला, खिडकी उघडली आणि सगळी कॉफी वाळूत ओतली.

शेखांनी आपणहून पेला हलवला. काकांनी गाडी सुरू केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. इतकं नियमात त्यांनी आयुष्यात चालवलं नव्हतं.

अजानला अकरा मिनिटं असताना पोचलो. निकाह झाला. काकांनी माझ्याकडे न बघता साक्षीदाराची सही केली. अबू नायफांनी खूश होऊन माझ्यासाठी कॉफीची किटली उचलली.

"त्याला नको," काका म्हणाले. "खिडकी शोधेल."