एकावन्न किलो चारशे

वजनमापे खात्याच्या निरीक्षकाचे हात अख्ख्या शहरात प्रसिद्ध होते. कुठलीही वस्तू दोन्ही हातांवर घेतली, क्षणभर डोळे मिटले, की वजन सांगून मोकळा. कलिंगड असो, इस्त्री असो, नाहीतर कुणाचं तान्हं मूल, पन्नास ग्रॅमच्या वर चूक नाही. दुकानदार त्याला वचकून असत, कारण लाच तर सोडाच, हा माणूस दुकानात पाणीसुद्धा पीत नसे. काटा खोटा निघाला की तारेत ओवलेलं शिशाचं सील पकडीने दाबायचं आणि वर लाल चिठ्ठी अडकवायची: ‘सदोष. दुरुस्तीस पाठवावे.’

अशा माणसाच्या मुलीच्या दप्तरातून एके दिवशी शाळेचा कागद निघाला. ‘आपल्या मुलीचे वय नऊ, वजन एकावन्न किलो चारशे ग्रॅम. दोन जिने चढल्यावर धाप लागते. डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. वाचून पालकांनी खाली सही करावी.’ सही होऊन कागद परत आला की शाळेतल्या नर्सबाई डॉक्टरांची वेळ ठरवून देणार होत्या. एवढंच काम. दिवसाला चाळीस दाखल्यांवर सह्या ठोकणाऱ्याला ते काय अवघड!

पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “काटा खोटा आहे,” तो म्हणाला.

“मला वाटलंच,” बायको शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. ती घरी शिवणकाम करायची, आणि त्या घटकेला मुलीच्या शाळेच्या झग्याची शिवण उसवून बाजू सैल सोडत होती. या वर्षातली चौथी वेळ. “हल्ली कापडही मेलं खोटंच येतं. धुतलं की आटतं.”

मुलीला दोघंही लाडाने चिमणी म्हणत. चिमणीच्या तोंडात बन होता. रोज संध्याकाळी बाबा तिच्यासाठी क्रीमचे बन आणायचा. बेकरीत पिशवी हातावर तोलून घ्यायचा, बरोबर अडीचशे ग्रॅम, ना कमी ना जास्त. लाडातही माप चुकू द्यायचा नाही, असा त्याचा बाणा.

दुसऱ्या दिवशी पितळी वजनांची पेटी घेऊन तो शाळेत हजर झाला. पांढरे हातमोजे घातले, कारण घामाने पितळेचं वजन वाढतं. एक किलो, पाच किलो, वीस किलो, सगळी वजनं चढवून पाहिली. काटा सुतासारखा सरळ निघाला.

“झालं समाधान?” नर्सबाईंनी विचारलं.

“चिमणी, चढ.”

एकावन्न चारशे. त्याने बूट काढायला लावले, मोजे काढायला लावले, केसांतला चाप काढला. “श्वास सोड. अजून सोड. अजून.”

“अहो साहेब, लेकरू गुदमरेल!”

“सकाळी दूध प्यालीये ती.”

“मग ते वजा करून लिहू? एकावन्न दोनशे?”

निरीक्षकाने वहीत नोंद केली: ‘काटा पितळेपुढे खरा, मुलीपुढे खोटा.’ आणि सील ठोकलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत खऱ्या काट्याला लावलेलं त्याचं हे पहिलं सील. त्याने पकड नेहमीपेक्षा गच्च आवळली.

मग त्याला दुसरा खरा काटा शोधणं भाग पडलं. चिमणीचं बोट धरून तो पोस्टात गेला, तिथे पार्सलच्या काट्यावर तिला उभी केली. एकावन्न चारशे. सील. धान्याच्या गोदामात तेच. सील. जनावरांच्या डॉक्टरकडे, एका नाराज कुत्र्याला खाली उतरवून, तेच. सील. अकरावा काटा भंगारवाल्याचा. तो गंजून गेला होता, त्याच्याकडून त्याला फार आशा होती. पण त्यानेही दगा दिला.

“साहेब,” भंगारवाला डोकं खाजवत म्हणाला, “अकरा काटे एकच आकडा सांगतायत. मग खोटं बोलतंय कोण?”

“सगळे आतून मिळालेले आहेत,” निरीक्षक म्हणाला आणि पुढच्या दुकानात शिरला.

तीन दिवसांत शहराची पार दैना उडाली. टोमॅटो मुठीने विकले जाऊ लागले. पोस्टमास्तर पार्सलांवर ‘जड’, ‘फार जड’ आणि ‘बापरे’ असे शिक्के मारू लागले. प्रसूतिगृहात बाळ झालं की डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगत, “मुलगा आहे, बऱ्यापैकी आहे.” चौथ्या दिवशी निरीक्षकाने आपल्याच कचेरीतला मुख्य काटा सील केला, ज्यावरून बाकीचे सगळे काटे जुळवले जात. कचेरीच्या लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजायची. चिमणीबरोबर आणखी पाच जण चढले तेव्हा ती वाजली. म्हणून लिफ्टलाही सील.

शाळेचा कागद तेवढा त्याच्या खिशात होता तसाच होता. सहीची जागा कोरी. चिमणी रोज शाळेतून येऊन विचारायची, “बाबा, नर्सबाई विचारतात, सही झाली का?” आणि तो म्हणायचा, “तपास चालू आहे.”

पाचव्या दिवशी दुपारी मोठ्या साहेबांनी त्याला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. “आता शहरात एकच खरं माप उरलंय. तुझे हात,” ते म्हणाले. “लोक माल घेऊन येतील, तू तोलून सांगायचं.” निरीक्षकाची छाती फुगली. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. कुणीतरी जुना भाता ओढावा तसा श्वास. तो आवाज त्याने ओळखला.

तो डबा घरी विसरला म्हणून बायकोने शाळेतून आलेल्या चिमणीच्या हाती पाठवला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली होती. ओठ पांढरे पडले होते, डबा पोटाशी धरला होता. ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि शब्द निघत नव्हते. निरीक्षक तीन-तीन पायऱ्या उतरत आला. तो भयंकर घाबरला होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाबा, उचल ना. शेवटचा जिना.”

दोन वर्षांत त्याने तिला उचललं नव्हतं. पाठीत चमक भरते, असं सांगायचा. पाठ ठणठणीत होती. सिमेंटची पोती हातावर तोलणारी पाठ ती. घाबरत होते ते हात, कारण त्या हातांना खोटं सांगता येत नसे.

त्याने खाली वाकून तिला दोन्ही हातांवर घेतलं. सवयीने डोळे मिटले.

“बावन्न,” तो पुटपुटला. “डबा सहाशे ग्रॅम. म्हणजे एकावन्न चारशे.”

डोळे मिटलेलेच होते, आणि रोजचे अडीचशे ग्रॅम त्याला एकेक करून हातांवर जाणवायला लागले. सगळे त्यानेच तोलून दिलेले. त्याला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिला तशीच धरून पायरीवर बसला.

“बाबा,” चिमणीने हळूच विचारलं, “आता मलापण सील लावणार?”

“तुला का?”

“तू ज्याला ज्याला माझं वजन विचारलंस, त्याला लावलंस. आता मीच उरले.”

निरीक्षकाला रडू फुटलं. रडतच त्याने खिशातला कागद काढला, डब्याच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. मग दुसऱ्या खिशातून तार, सील आणि लाल चिठ्ठी काढली. सदोष उपकरण जिथे सापडेल तिथेच सील करावं, असा नियम होता आणि तो नियमाने चालणारा माणूस होता. त्याने तार आपल्या सदऱ्याच्या वरच्या बटणातून ओवली आणि पकड दाबली.

चिमणीने चिठ्ठी मोठ्याने वाचली. “सदोष. दुरुस्तीस पाठवावे.” थोडा विचार करून ती म्हणाली, “दुरुस्तीला किती दिवस लागतात?”

“काट्याला एक. बापाला जास्त लागतील.”

वरून मोठे साहेब हाका मारत होते, टोमॅटोवाला आला होता. निरीक्षक उठला आणि मुलीचा हात धरून खाली उतरू लागला. ती थांबली की तो थांबायचा. फाटकापाशी बेकरी होती. तिथे त्याचे पाय सवयीने वळले, मग चिमणीने त्याच्या बटणावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं आणि ते परत सरळ झाले.

“आणि आई?” तिने विचारलं.

त्याने खिसा चाचपला. “आहे अजून एक चिठ्ठी,” तो म्हणाला. “आधी शाळेत जाऊ, नर्सबाई निघतील.”