मंगलीच्या तोंडाचा वास

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला तोंडाचा वास घ्यायला पाच पुरुषांसमोर "हा कर" म्हणून उभं करायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं ते करणाऱ्यांनाच ठाऊक. पण गडचिरोलीत मुलचेऱ्याकडच्या त्या गावात शाळा समितीचे अध्यक्ष गुणवंतराव म्हणजेच कायदा. नऊ वर्षं पोरांना रांधून वाढणाऱ्या मंगलीने तोंड उघडून श्वास सोडला. गुणवंतरावांनी नाक मुरडलं.

"गोडसर वास येते. मोहाचीच आहे." तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सारत ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"मी प्याली नाई, भाऊ."

"तुमच्या आदिवासीत तं लहानपनापासूनच पेतेत. आमाले नको शिकवू."

आणि रजिस्टरात लिहिलं: स्वयंपाकीण दारू पिऊन येते.

मंगलीच्या जिव्हारी लागलं ते हेच. तिच्या घरी मोहाची दारू देवाला लागते, ते तिने कधी लपवलं नव्हतं. प्यायली असती तर प्याली म्हणाली असती. काम गेलं ते गेलंच, वर खोटारडी ठरवलं! संतापाने तिला दोन रात्री झोप लागली नाही.

कडुलिंबाच्या काडीने तिने दिवसातून चारदा दात घासले, लवंगा चघळल्या. वास जाईना. तहान तर अशी की कळशीभर पाणी पिऊनही भागेना. महिनाभरात पोलकं अंगावर लोंबायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, तशी ती धडपडत उपकेंद्रात गेली.

"मले लिहून दे," ती नर्सला, करिश्माला म्हणाली, "मी प्याली नाई म्हणून."

करिश्माने टॉर्च लावून तोंड पाहिलं. "दात किडले नाईत. हिरड्या बऱ्या आहेत, जिभेवर थर नाई. खर्रा खाते, दाताले गुडाखू लावते का?"

"कधीच नाई."

"मंग हा वास तोंडातला नाई, बाई. आतून येऊन राह्यला." तिने बोटाला सुई टोचली आणि यंत्रावरचा आकडा पाहताच आधी अँब्युलन्सला फोन लावला. "साखर लय वाढली. त्याचाच हा गोड वास. आनखी दोन दिवस घरी राह्यली असती तं जीव गेला असता."

आठवड्याने मंगली दवाखान्यातून सुटली ती कागद घेऊन थेट समितीच्या बैठकीत. गुणवंतरावांनी कागद वाचला.

"असं होय! आमाले का माहीत? सोमवारपासून ये."

एवढंच. जणू कोणाचं काही बिघडलंच नव्हतं. मंगलीच्या मस्तकात तिडीक गेली.

"येईन. आधी तुमी हा करा."

"काय?"

"मले सगळ्याइच्या समोर करायले लावलं ना? करा, भाऊ."

गुणवंतरावांच्या शेजारची खुर्ची बैठकीत कायम रिकामी असायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची छाती कोणाची नव्हती. मंगली जाऊन त्याच खुर्चीवर बसली.

"तुमच्या तोंडाच्या वासाचं कारन, हा खर्रा, साऱ्या गावाले माहीत आहे. तरी कोनी तुमची खुर्ची काढली नाई. लिहा आता. मंगली प्याली नव्हती."

गुणवंतरावांनी तोंड गच्च मिटून रजिस्टर पुढे ओढलं.